चिमट्यातल्या दोन विहिणी

तमाम जनतेस, विशेषतः मे महिन्यात कूलरसमोरून न हलणाऱ्या जनतेस, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येत आहे की यवतमाळ जिल्ह्यात भर उन्हाळ्यात, भर दुपारी, माणसाला थंडी वाजू शकते. ही अफवा नाही. मला वाजलेली आहे. दात कडकडत होते, बोटं पांढरी पडली होती, आणि माझ्या डोक्यावर तीन-चार पुरुष उंचीवर सगळं जग भाजून निघत होतं. याला दोन साक्षीदार आहेत. एक माझी वहिनी आणि दुसऱ्या माझ्या विहीणबाई. वहिनीच्या साक्षीवर फार विसंबू नका, ती प्रत्येक गोष्ट दुप्पट करून सांगते. विहीणबाईंच्या साक्षीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवा, कारण त्या दिवशी त्या माझ्यापेक्षा जास्त भिजल्या होत्या.

माझं माहेर पुसदच्या पलीकडे, जिथं पठार संपून जमीन पैनगंगेकडे उतरायला लागते तिथं. गावाजवळून एक नदी जाते. नदी म्हणायचं म्हणून नदी, एरवी नालाच. पण या नाल्यानं कधी काळी मनात काय घेतलं कोणास ठाऊक, त्यानं काळ्या खडकात एक घळ कापून ठेवली आहे. वरून बघाल तर काही दिसत नाही. तुरीचं वावर संपतं, चार पळसाची झाडं येतात आणि मग एकदम पायाखाली जमीनच चिरलेली. खाली वाकलं की थंड वारा तोंडावर येतो, जणू कोणी तळघराचं दार उघडलं. पावसाळ्यात तिथं कोणी फिरकत नाही. पाणी केवढं चढतं ते बघायचं असेल तर उन्हाळ्यात घळीत उभं राहून मान वर करावी. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, खडकाच्या खाचेत, कापसाच्या पऱ्हाटीची काडं अडकलेली असतात. पुरानं कोणाच्या तरी वावरातून उपटून आणलेली.

उन्हाळ्यात मात्र धार बारीक होते, डोह आटतात आणि घळ पायी जाण्याजोगी होते. लहानपणी आम्ही पोरी ती धावत पार करायचो. कुठला दगड हलतो, कुठल्या डोहात गुडघाभर आणि कुठल्यात कंबरभर पाणी, हे मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त पाठ होतं. होतं, असं मी मुद्दाम म्हणतेय.

घळीच्या वरच्या टोकाला, जिथं भिंती पुन्हा एकमेकींपासून लांब होतात, तिथं एका डोहाच्या काठावर आसरा आहेत. शेंदूर लावलेले सात गोटे. पाण्यातल्या बाया, मायेच्या आणि तितक्याच रागीट. आमच्या गावची रीत अशी की लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं की आसरांची ओटी भरायची. पोटुशीनं स्वतः त्या पाण्याजवळ जायचं नाही. तिच्या वतीनं तिची आई आणि तिची सासू, दोघींनी मिळून, घळीतून चालत जायचं. वरून गाडीनं जाऊन उतरलेलं चालत नाही. आणि त्या दिवशी घळीत बाप्या माणसाला बंदी.

यात आणखी एक नियम आहे आणि माझा सगळा कट त्या नियमावर उभा होता. आसरांसमोर ठेवलेला नैवेद्य तिथंच संपवायचा. उचलून घरी आणायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. जी ओटी भरायला गेली तिनं तो खायचा.

आता कटाचं कारण सांगते.

माझी लेक नेरला दिली आहे. लग्न पुसदला झालं, माझ्या दारात. सगळं झकास झालं, फक्त विहिणीच्या पंगतीला घोटाळा झाला. हॉलमध्ये बाकी सगळ्यांना बुफे होता, पण विहीणबाईंसाठी मी खास पाट मांडला होता. भोवती रांगोळी, चांदीचं ताट, उदबत्ती, केळीचं पान, ताटाला झेंडूची वेणी. मी त्यांना हाताला धरून घेऊन आले तर पाटावर आमच्या ह्यांची म्हातारी आत्या बसलेली. नुसती बसलेली नाही. तिनं दोन जिलेब्या संपवल्या होत्या आणि तिसरी मठ्ठ्यात बुडवत होती. तिला उठवणं शक्यच नव्हतं. तिला ऐकू येत नाही, आणि ज्या वेळी येतं त्या वेळी तर तिला मुळीच ऐकू येत नाही.

विहीणबाईंनी बघितलं. मग अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "असू द्या. मला भूक नाही." ओळखीची खूण सांगते. या बाई खुशीत असल्या की माझ्यातुमच्यासारखं वऱ्हाडी बोलतात. रागावल्या की शुद्ध बोलतात, बातम्या देणाऱ्या बाईसारखं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. लग्नानंतर दोनदा पुसदला आल्या, दोन्ही वेळा दारात उभ्या राहून "आत्ताच घेतलं" म्हणाल्या. आणि लेकीला सातवा लागल्यावर फोनवर, शुद्ध मराठीत, मला कळवण्यात आलं की पहिलं बाळंतपण आमच्याकडेच होईल, नेरला दवाखान्यांची कमतरता नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे काय सांगायला पाहिजे? लेकीनं मला वेगळा फोन केला. रडत नव्हती, माझी लेक सहसा रडत नाही. फक्त म्हणाली, "आई, मला तिकडं यायचं आहे गं. तू काहीतरी कर न."

तू काहीतरी कर, एवढं वाक्य मला पुरतं. मी आसरांना साकडं घातलं. म्हणजे आधी विहीणबाईंना फोन लावला आणि रीत सांगितली. नातवाचा विषय आहे म्हटल्यावर त्यांची बोलती बंद. माझ्या घरी यायचं नव्हतंच, माझ्या माहेरच्या देवाला यायचं होतं. तिथं त्या नाही म्हणू शकत नव्हत्या. नैवेद्य मात्र माझ्या हातचा असणार होता, माझ्या घरच्या तांदळाचा दहीभात आणि गुळाच्या पोळ्या. एक घास पोटात गेला की रुसवा मोडला. मग दुसऱ्या घासाला मी विषय काढणार होते. अशी माझी रचना. मला स्वतःचाच फार अभिमान वाटत होता.

ठरल्या दिवशी जावई विहीणबाईंना गाडीनं घेऊन आले. त्या उतरल्या तेव्हा मी आणि वहिनी एकमेकींकडे बघतच राहिलो. आम्ही दोघींनी जुनी सुती लुगडी खोचून घेतलेली, पायात रबरी चपला. विहीणबाईंनी कडक इस्त्रीची मोतिया साडी नेसली होती, मोठ्या काठाची. पायात टाचेच्या चपला. काखेत पर्स. माझ्या कानाशी लागून वहिनी म्हणाली, "ताई, याईले काय सांगतलं तू? हळदीकुंकू?"

"घळीतून जायचं सांगितलं."

"मंग त्याईले घळ म्हणजे मंगल कार्यालय वाटलं असन."

जावई आणि आमचे हे दोघं वरच्या रस्त्यानं घळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आंब्याखाली बसणार होते. आमच्या ह्यांना विहीणबाईंची इतकी धास्ती की त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले, ते सुद्धा मागच्या सीटवर.

घळीच्या तोंडाशी आम्ही तिघी पोचलो. टाचेच्या चपला वहिनीच्या पिशवीत गेल्या. ओटीचं ताट विहीणबाईंच्या हातात. त्यात खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू. नैवेद्याचा डबा वहिनीच्या डोक्यावर. माझ्या हातात काठी. आणि तिथं आम्ही थांबलो. कारण आत एका वेळी एकच माणूस जाऊ शकतं.

आता कोणत्याही शहाण्या माणसाला विचारा, अनोळखी वाटेवर पुढं कोणी चालावं? ज्याला वाट माहीत आहे त्यानं. पण विहीण ती विहीण. मुलाकडची. माझ्या माहेरी आलेली. तिला मागं ठेवून, तिच्याकडे पाठ करून, मी पुढं चालू? एकदा पाटाचा मान गेला होता, तो परत मिळवायला आलेली मी, आता वाटेचा मान घालवू? वहिनीनं मागून मला कोपरानं ढोसलं. मीही तेच ठरवलं होतं. हात जोडून अदबीनं म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही पुढं व्हा."

त्यांनी आत बघितलं. काळोख, पाणी आणि कुठूनतरी पारव्यांची घुमघुम. एक क्षण त्यांचा चेहरा काहीतरी वेगळाच झाला, पण मग त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "ठीक आहे." शुद्ध.

अशा रीतीनं, ज्या बाईनं आयुष्यात कधी घळ बघितली नव्हती ती सगळ्यांच्या पुढं, आणि जिला प्रत्येक दगड पाठ ती मागून सूचना देत, अशी आमची वरात निघाली.

"डाव्या हाताला धरा, विहीणबाई. उजवीकडं शेवाळ आहे."

"बरं."

"तो गोल दगड हलतो, त्यावर पाय देऊ नका."

"कोणता गोल? सगळेच गोल आहेत."

खरंच सगळे गोल होते. पाण्यानं वर्षानुवर्षं घासून भिंतीसुद्धा मडक्यासारख्या गुळगुळीत केलेल्या. खडकात रांजणासारखे खळगे, त्यांत पाणी आणि काळे काळे बेडूकमासे. वर आकाशाची निळी पट्टी, साडीच्या काठाएवढी. ऊन त्या पट्टीतून भिंतीच्या वरच्या टोकापर्यंतच येत होतं, खाली यायची त्याची हिंमत नव्हती. बाहेर अंग होरपळत होतं आणि इथं पोटऱ्यांवर काटा. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं आणि मी शीळ घालणार होते, पण विहीणबाई पुढं आहेत हे आठवून गप्प बसले.

मध्ये एका ठिकाणी वर, दोन भिंतींच्या मधोमध, एक भला मोठा धोंडा अडकलेला आहे. ना खाली येत, ना वर जात. विहीणबाईंनी मान वर करून विचारलं, "हा पडत नाही का?"

"तो? तो रुसलेला जावई आहे," वहिनीनं मागून उत्साहानं सांगितलं. "गावात तसंच म्हणतेत. कितीही हात जोडा, उतरत नाही. मुलाकडचा न!"

मी डोळे मिटून घेतले. विहीणबाई पुढं चालत राहिल्या. त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं, पण पाठ शुद्ध मराठीत होती.

मग डोह आला. या डोहात उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं. मी पूर्ण खात्रीनं, आत्मविश्वासानं, जवळजवळ गाऊनच सांगितलं, "बिनधास्त उतरा, विहीणबाई! गुडघाभर आहे."

त्यांनी एक पाय टाकला. दुसरा टाकला. आणि गेल्या.

गेल्या वर्षीच्या पुरानं डोहातली सगळी वाळू वाहून नेली होती. हे पुराला माहीत होतं, मला नव्हतं. विहीणबाई गळ्यापर्यंत पाण्यात. मोतिया साडी फुग्यासारखी वर आली. पर्स त्यांच्या खांद्याजवळ तरंगू लागली. पण, आणि यासाठी मी त्या बाईला जन्मभर मानीन, दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ आणि हातांत ओटीचं ताट. खणावर पाण्याचा थेंब नाही.

पारवे सुद्धा थांबले. मग अतिशय शांतपणे विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, पाणी थंड आहे."

मी ओठ इतके घट्ट दाबले की मला वाटलं कानातून हसू बाहेर पडेल. मी घाईघाईनं उडी मारली. पाणी माझ्या हनुवटीला लागलं, आणि खरं सांगते, श्वासच थांबला. बर्फ. वहिनी उंच आहे, तिला छातीपर्यंत आलं, डबा डोक्यावर तसाच. आम्ही दोघींनी विहीणबाईंना ढकलत ढकलत पलीकडच्या खडकावर चढवलं. त्या निथळत उभ्या राहिल्या, माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा त्यांचं शुद्ध मराठी सुटलं.

"तुम्ही मले मान देऊन राह्यल्या का बुडवून राह्यल्या?"

"नाही हो, विहीणबाई, दरवर्षी गुडघाभर..."

"कोणाच्या गुडघ्याचं बोलून राह्यल्या तुम्ही? उंटाच्या?"

वहिनी मागं वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

इथून पुढं घळ सगळ्यात अरुंद. त्या जागेला गावात चिमटा म्हणतात. आडवं होऊन, खेकड्यासारखं सरकत जायचं. मध्ये एक वळण आहे, त्यामुळे समोर बघितलं तर वाट बंद वाटते. पुन्हा प्रश्न तोच, आणि मी पुन्हा तोच मूर्खपणा केला. "तुम्ही पुढं."

त्या शिरल्या. ताट डोक्यावर, कारण चिमट्यात हात खाली ठेवायला जागा नाही. मी मागून. चार-सहा पावलं गेलो आणि त्या थांबल्या.

"चला न, विहीणबाई."

त्यांनी पाठ भिंतीला आणखी चिकटवली.

"काय झालं?"

"पुढं बंद आहे."

"बंद नाही, वळण आहे. सरका थोडं."

"मी नाही सरकणार." आवाज बारीक झाला होता. "मले वापस जाऊ द्या."

मागं मी आणि माझ्यामागं डबा घेऊन वहिनी. परत फिरणं म्हणजे सगळी वरात उलटी चालवणं. पण तिथंच भिंतीला एक खोलगट खाच होती, माझ्या लहानपणी आम्ही दोघी मैत्रिणी तिच्यात उभ्या राहायचो. मी विचार केला, त्या खाचेतून मी विहीणबाईंच्या पुढं निघून जाते आणि त्यांना हात देऊन ओढते. लहानपणी दोन मैत्रिणी. आता दोन विहिणी, एकीचं वजन मी सांगणार नाही आणि दुसरीचं तर मुळीच नाही. मी खाचेत शिरले, अर्धी पुढं झाले आणि अडकले. पोटाला पोट, छातीला छाती, गालाला गाल. विहीणबाईंचे हात अजून वर, ताट धरलेले, जणू मी त्यांना बंदूक दाखवून लुटते आहे.

"हलू नका," मी म्हणाले.

"हलता येते कुठी!"

मागून वहिनी ओरडली, "काय झालं वो ताई? थांबल्या काहून?"

"काही नाही. बोलून राह्यलो."

"आता? इथं? मंग वर झाडाखाली बसून बोलाले काय झालतं?"

विहीणबाई थरथरत होत्या. थंडीनं म्हणावं तर मीही थरथरत होते, पण त्यांचं वेगळं होतं. त्यांचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं, मला कळत होतं. त्यांचं तोंड माझ्या कानाशी. त्या कानातच बोलल्या, "मले बंद जागेचं भेव वाटते. पहिल्यापासूनच. लिफ्टमध्येबी नाही बसत मी."

"मग आधी सांगायचं न, बाई!"

"तुम्ही मान देल्ला. पुढं व्हा म्हटलं. नाही कसं म्हणू?"

मी म्हटलं, श्वास घ्या, डोळे मिटा, मी आहे इथं. म्हणजे मी होतेच, जायला जागाच नव्हती. त्यांनी डोळे मिटले. मग तसेच डोळे मिटून त्या बोलू लागल्या, आणि मला कळलं की मिटल्या डोळ्यांनी, अंधारात, कोणाच्या कानाशी तोंड असलं की माणूस काय काय बोलून जातं.

"तुम्ही तिले नेसान बाळंतपणाले. मी नाही म्हटलं तरी नेसान, मले माहीत हाये. पण मले एक सांगा. मंग मी त्या घरात कोणासंगं बोलू?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पोरगा सोमवारी जाते, शनिवारी येते. फिरतीचं काम. त्याचे बाबा जाऊन किती वर्षं झाले. ती आली तं घरात आवाज आला. सांजच्याला आमी दोघी मालिका पाहतो. त्यातल्या सासूले शिव्या देतो. खूप शिव्या देतो. एकटीनं शिव्या देण्यात मजा नाही, विहीणबाई."

मी विचारलं, कारण न विचारून राहवेना, "मग ते ताट? लग्नातलं? रांगोळीचं?"

"ताट?" त्यांनी डोळे उघडले. इतक्या जवळून मी कोणाचे डोळे आजवर बघितले नव्हते. "राग आलता. खोटं कायले बोलू. चार दिवस होता. मंग उतरला. पण तुम्ही मले एवढ्या भेऊन राहायच्या! फोनवर आवाज कापे तुमचा. मंग मले वाटलं, राहू द्या रुसवा. कामी येईन."

कामी येईन!

आणि मी हसले. आधी हळू, मग जोरात. चिमट्यात एक माणूस हसलं की दुसऱ्याला हसावंच लागतं, कारण ते अंगातूनच हलतं. विहीणबाईही हसू लागल्या. ओटीतल्या बांगड्या ताटात वाजू लागल्या. वहिनी मागून किंचाळली, "रडून राह्यल्या का भांडून राह्यल्या? मी डबा खाली ठेवू का?" त्यावर आम्ही आणखी हसलो. आणि हसताना श्वास बाहेर जातो, पोट आत जातं, हे शास्त्र आहे. ओल्या खडकावर ओल्या साड्या सुळकन सरकल्या आणि मी पुढं, वळणाच्या तोंडाशी.

"द्या हात," मी म्हणाले.

त्यांनी ताट एका हातात घेतलं, दुसरा मला दिला. "मान गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या, "तुम्ही चाला पुढं." आणि माझ्या मागून, माझं मनगट करकचून धरून, डोळे गच्च मिटून, त्या चिमट्यातून बाहेर आल्या. वळणापलीकडं ऊन होतं. डोहाच्या काठावर सात लाल गोटे उन्हात चमकत होते.

आम्ही दोघींनी मिळून ओटी भरली. खण कोरडा होता, कुंकू कोरडं होतं. विहीणबाईंनी गोट्यांना हात जोडले तेव्हा त्यांच्या साडीतून पाण्याची धार वाहत होती आणि त्यांचं लक्षच नव्हतं. वहिनीनं डबा उघडला. ज्या घासासाठी मी एवढी रचना केली होती, तो घास त्यांनी माझ्याकडे न बघताच घेतला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग म्हणाल्या, "दही चांगलं लागलं. मीठ कमी हाये."

मी म्हटलं, "मीठ घालायला तुम्हीच या."

"कुठी?"

"पुसदला. तिच्यासोबत. बाळंतपणाला. बाळ होईपर्यंत राहा, झाल्यावरही राहा."

वहिनीचा हात तोंडाजवळ थांबला. मुलाची आई सुनेच्या माहेरी राहायला, तेही बाळंतपणाला, हे आमच्या सातही आसरांनी कधी ऐकलं नसेल. विहीणबाईंनी पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतील?" मी म्हणाले. "लोक म्हणतील, या दोघी वेड्या झाल्या. खोटं नाही म्हणणार."

"सुनेच्या माहेरी फुकट बसून खाईन का मी?"

"फुकट कशाला? सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा तुमचा. मालिका तिघी मिळून बघू. शिव्या द्यायला मी चांगली आहे, तुम्ही माझ्या वहिनीला विचारा."

"तोंड लय खराब हाये तिचं," वहिनीनं मनापासून ग्वाही दिली.

विहीणबाईंनी बाजूला ठेवलेला पोळीचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावता चावताच म्हणाल्या, "पण रिमोट माझ्या हातात राहीन."

"राहील."

"आन् त्या म्हाताऱ्या आत्याबाई?"

"त्या शेगावला असतात लेकीकडं."

"मंग ठीक हाये," त्या म्हणाल्या. हे ठीक वऱ्हाडी होतं.

डबा घासूनपुसून संपवला आणि आम्ही वरच्या पायवाटेनं चढून आलो. वर आलो तर उन्हानं तोंडात मारलं. आंब्याखाली जावई आणि आमचे हे सतरंजी टाकून टरबूज कापत बसलेले. आम्हाला तिघींना बघून जावई उभेच राहिले. त्यांच्या आईच्या मोतिया साडीवर शेवाळाचे हिरवे पट्टे, केस मोकळे, पर्समधून पाणी गळतं आहे आणि बाई हसताहेत.

"आई, काय झालं? पडली का तू?"

"पडली. काही नाही झालं. ऐक," विहीणबाई टरबुजाची फोड उचलत म्हणाल्या, "सून बाळंतपणाले पुसदले जाईन. आन् तिच्यासंगं मीबी जाईन. राहीन तीन-चार महिने."

जावयांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी विजयी मुद्रेनं मान डोलावली. लेकीला फोन लावायला मी जावयांच्या मोबाइलकडे हात पुढं केलाच होता. तेवढ्यात आमच्या ह्यांनी, जे पाहुण्यांसमोर वर्षाकाठी दोन वाक्यं बोलतात, आणि रोज संध्याकाळी एकटे पाय पसरून बातम्या बघतात, हातातली सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाले, "अरे बाप्पा! मंग मी जाऊन राहतो नेरले!"